चार अंड्यांचा केक

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला चार दिवस ओळीने वेळेवर आला तर मला वाटतं, याला काहीतरी मागायचं असेल. नवऱ्याने यावरून आयुष्यभर थट्टा केली, मुलं अजून करतात. हा गुण माझ्यात कुठून आला ते मला माहीत नाही. पण तो एकदा कामी आला होता, पुण्याजवळ दापोडीला, माझ्या पंधराव्या वाढदिवशी.

तेव्हा आम्ही रेल्वेच्या रुळांजवळच्या एका चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडचं गाव सोडून इथल्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले होते. आई जाऊन दोन वर्षं झाल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं. बाई रत्नागिरीकडची. "आई म्हणत जा," असं आबा म्हणाले. मी मावशी म्हणायला लागले आणि तेच कायमचं राहिलं.

मावशी लग्नाआधी खडकीला एका साहेबाच्या बंगल्यावर मुलं सांभाळायला होती. चाळीतल्या बायकांना एवढं पुरेसं होतं. साहेबाच्या घरात राहिलेली, त्यात कोकणातली, म्हणजे मासळीवर वाढलेली. आणि आबा तर माळकरी. मांस-मच्छी सोडाच, अंडंसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. लग्नात मावशीने गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली आणि मासळी सोडली. मला ते पटलं नव्हतं. पंचवीस वर्षं खाल्लेलं माणूस एका दिवसात कसं सोडेल?

मी तिच्यावर पाळत ठेवली. ती बाजारातून आली की मी पिशवी हुंगायची. भांड्यांचा वास घ्यायची. संध्याकाळी आबा कामावरून आले, हातपाय धुऊन बसले, की माझा अहवाल सुरू. आज ती अर्धा तास चाळीतल्या नर्सबाईंकडे बसली होती. आज तिने दूध उतू घालवलं. खोटं मात्र मी कधी सांगितलं नाही. चहाडी करायची तर ती खरी असावी, असा माझा कायदा होता, आणि म्हणूनच आबा माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत. मावशीला हे सगळं कळत होतं. ती मला एकदाही रागावली नाही. त्याचा मला आणखीच संशय यायचा.

अशी ही मावशी एका गुरुवारी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "येत्या रविवारी तुझा वाढदिवस ना? केक करते. तीन थरांचा."

आमच्याकडे वाढदिवस म्हणजे सकाळी औक्षण आणि वाटीभर शिरा. केक मी कॅम्पातल्या बेकरीच्या काचेमागे एकदा पाहिला होता, तेवढाच. मी विचारलं, "आबांना चालेल?"

"त्यांनाच विचारून करतेय," ती म्हणाली आणि पुन्हा तांदळात मान घातली.

इथेच पाणी मुरत होतं. शिऱ्यात बेदाणा जास्त पडला तरी कुरकुरणारे आबा केकला हो म्हणतात, आणि वर शुक्रवारी स्वतः मैदा आणि साखर घेऊन येतात. शनिवारी शेजारून दोन खुर्च्या आल्या. माझ्या आईची हिरवी साडी ट्रंकेतून निघाली आणि दोरीवर वाऱ्याला पडली. मी परकर-पोलक्यात वावरणारी, मला साडी कशाला?

मी न सांगता समजले. माझ्या वर्गातल्या दोघी अशाच गेल्या होत्या. एका रविवारी त्यांच्या घरी गोडधोड झालं, पाहुणे आले, आणि पुढच्या महिन्यात बाकावरची त्यांची जागा रिकामी. मी नववीत होते. रोज पूल ओलांडून खडकीच्या शाळेत चालत जायची, वर्गात दुसरी यायची. मला मॅट्रिक व्हायचं होतं. मॅट्रिक झाले की मास्तरीण होता येतं, असं आमच्या बाईंनी सांगितलं होतं, आणि दुसरं काही मला नकोच होतं. ते सगळं आता त्या केकखाली गाडलं जाणार, असं मला दिसत होतं.

यामागे कोण, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. चहाड्या करणारी सावत्र मुलगी घरातून काढायची तर लग्नासारखा सोपा उपाय नाही. वर नाव वाढदिवसाचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी मी भूगोलाचं पुस्तक घेऊन मधल्या दारात बसले आणि तिथून हलले नाही. तिने काय काय घातलं ते मी आजही सांगू शकते. मैदा दोनदा चाळला. साखर पाट्यावर बारीक केली. दह्यात खायचा सोडा घातला, ते फसफसून वर आलं. लोणी आणि साखर एवढा वेळ फेटली की तिच्या दंडाला घाम आला. मग कमरेला खोचलेली एक छोटी बाटली काढून चार थेंब टाकले. ती मोरीत गेली तेवढ्यात मी बाटली उघडून हुंगली. गोड वास होता. विष नव्हतं. अंडं तर औषधालाही नव्हतं. मी सूप उचलून पाहिलं, राखेच्या डब्यात पाहिलं, टरफलाचा तुकडासुद्धा सापडला नाही. मला जरा वाईटच वाटलं, कारण अंडं सापडलं असतं तर ते आबांना सांगून मी सगळा बेत उधळून दिला असता.

भट्टी आमच्याकडे कुठली? तिने मोठ्या पातेल्यात वाळू घातली, ते शेगडीवर ठेवलं, वाळूत ॲल्युमिनियमचा डबा बसवला आणि झाकणावर निखारे पसरले. एकेक थर वेगळा भाजायचा. पहिला खालून करपला. तिने तो सुरीने हळूहळू खरवडला. दुसऱ्याला तिने धुतलेली खराट्याची काडी टोचून पाहिली, ती कोरडी निघाली. तिसऱ्यापर्यंत दुपार झाली. मग थरांमध्ये गावाहून आणलेला आंब्याचा मुरंबा आणि वरून साखर घालून फेटलेलं लोणी. एवढी मेहनत माझ्यासाठी कोण करणार? जी माझा काटा काढायला निघाली तीच, असं मी मनाशी म्हटलं. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

चार वाजता पाहुणे आले. चाकणजवळच्या एका गावचे, मुलाची आई आणि मामा. घरी कांद्याची शेती, आणि मुलगा नुकताच पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागलेला. दोघांच्याही गळ्यात माळा. आबा एवढे खूश होते की त्यांना खुर्चीवर बसवेना. माळकऱ्याचं घर, मालकीची शेती आणि वर कंपनीची नोकरी, असं स्थळ फिटरच्या मुलीला सांगून येतं कुठे? आज मला आबांचा राग येत नाही. त्या दिवशी आला होता.

मी हिरवी साडी सावरत पाटावर बसले. नाव सांगितलं, चालून दाखवलं. मावशीने केक कापून ताटल्या पुढे केल्या. मुलाच्या आईने ताटली फिरवून पाहिली.

"ह्ये काय म्हनायचं?"

"केक. हिचा वाढदिवस आहे आज." मग मावशीने पदर नीट केला आणि विचारलं, "लग्नानंतर हिला मॅट्रिकला बसू द्याल ना? दोनच वर्षं राहिली आहेत."

आबांनी तिच्याकडे डोळे वटारले. बायकांनी बैठकीत असलं काही विचारायचं नसतं. मीही चपापले. हा प्रश्न तिने का विचारला, यात तिचा काय डाव आहे, हेच मी शोधत होते.

मुलाची आई हसली. वाईट हसली नाही, एखाद्या लेकराच्या बोलण्याला हसावं तशी. "साळा? आमच्यात सुना साळंत जात न्हाईत, बाई. कांद्याची लावनी कोन करील? नाव काडून घ्या म्हंजे झालं."

"व्हय, आखाडाच्या आतच काडा," मामा म्हणाले आणि त्यांनी केकचा तुकडा उचलला.

"थांबा, मामा," मावशी म्हणाली. "माळ आहे तुमच्या गळ्यात. खाऊ नका ते. त्यात अंडी आहेत. चार घातलीत."

मामांनी तुकडा ताटलीत ठेवला. मग ताटली जमिनीवर ठेवली. मग बोटं धोतराला पुसली. "पाव्हणं," ते आबांना म्हणाले, "माळकऱ्याचं घर म्हनून आलो व्हतो आमी." पाणीसुद्धा न पिता ते उठले. आबा दारापर्यंत हात जोडत गेले आणि परत आले.

"खरं हाय?" त्यांनी मावशीला विचारलं.

"खरं आहे."

"न्हाई. माझ्या घरात अंडं यीलच कसं?" ते माझ्याकडे वळले. "तू सकाळधरनं घरात व्हतीस. तुझ्या नजरंतनं काय सुटत न्हाई. अंडी व्हती का? नसली तर आत्ता फाट्यावर जातो. एस.टी.ला अजून वेळ हाय. पाया पडून परत आनतो त्यांना."

मी मावशीकडे पाहिलं. ती ताटल्या गोळा करत होती आणि ताटल्या एकमेकींवर वाजत होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खूण केली नाही. वर्षभर जिच्यावर मी पाळत ठेवली, तिने सगळं माझ्या जिभेवर सोडून दिलं होतं. मला स्वतःची एवढी लाज पुन्हा कधी वाटली नाही.

"बोल की. माळंला हात लावून सांग," आबा म्हणाले आणि गळ्यातली माळ त्यांनी पुढे धरली.

मी माळेला हात लावला. "होती, आबा. चार होती. मी मोजली."

आबा जिथे उभे होते तिथेच खाली बसले. आठ दिवस त्यांनी मावशीच्या हातचं खाल्लं नाही, स्वतः भाकऱ्या थापल्या. घरभर गोमूत्र शिंपडलं गेलं, सगळी भांडी राखेने घासली गेली. चाळीत जी चर्चा झाली ती झालीच, साहेबाच्या घरची बाई शेवटी जातीवर गेली. तिने कुणालाही उत्तर दिलं नाही. मी पुढे मॅट्रिक झाले आणि तीस वर्षं शाळेत शिकवलं. आबा वारले तोवर त्यांना खरं कळलं नाही.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं आहे. केक घरात ठेवता येत नव्हता. चाळीच्या टोकाला राहणाऱ्या नर्सबाईंकडे अंडं चालायचं, म्हणून तो त्यांच्या मुलांना द्यायचं ठरलं. परातीची एक बाजू मावशीने धरली, एक मी. तिन्ही थर नीट दिसत होते, पिवळे, मध्ये मुरंब्याची रेघ. अर्ध्या वाटेवर ती हळूच म्हणाली, "सकाळपासून दारात बसून होतीस ना?"

"होय."

"मला वाटलं, सांगशील."

परात कलली, माझा अंगठा वरच्या लोण्यात रुतला. आजूबाजूला कुणी नव्हतं. केक माझ्या वाढदिवसाचा होता, त्यात काय होतं आणि काय नव्हतं ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. मी अंगठा तोंडाकडे नेला.

"पूस तो," मावशी म्हणाली. "चाटू नको गो. माळेला हात लावून सांगितलंस ना? मग आता आहेत त्यात अंडी."

मी अंगठा आईच्या साडीला पुसला, आणि आम्ही नर्सबाईंच्या दाराची कडी वाजवली.