भज्जीचं पानी

लक्ष्मम्माला शुगर निघाली तवा आमच्या सास्तूर गावच्या बायकांनी तिला जित्तेपनीच रडून घेतलं. "आता पाय कापतेल, डोळं जातेल," आसं तिच्या तोंडावर म्हनायच्या. लोकांना काय वं, दुसऱ्याचं दुखनं म्हनलं की त्यांना लई कढ येतो. लक्ष्मम्मा, माझी बायकू, एक दिस रडली, दुसऱ्या दिशी उठली आन चुलीपशी जाऊन बसली. पाव-खारी बंद, पांढरा भात बंद, दुकानातलं पिशवीतलं तेल बंद. "माझी आई जे खाऊन जगली तेच म्या खानार," म्हनली.

मंग काय! ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, रोज एक पालेभाजी. करडीचं तेल घान्यावरून आपल्या म्होरं काढून आनायची. जवसाच्या चटनीवर कच्चं तेल धार धरून वतायची आन मला म्हनायची, "अवं, तेलाला भिऊ नका, तळलेल्याला भ्या." गोळ्या तिनं एक दिस चुकवल्या न्हायत, हे आधीच सांगून ठेवतो. न्हायतर तुमी म्हनाल, धनगराची बाय, आडानी आसंल. दर तीन महिन्याला रगत तपासायची. लोहाऱ्याच्या डॉक्टरनं एकदा रिपोर्ट बघितला आन म्हनला, "मावशी, तुम्ही काय काय खाता ते मला लिहून द्या, मी बाकीच्यांना सांगतो." त्या दिशी एष्टीतून घरी येईस्तवर बाय अशी ताठ बसली व्हती की इचारू नका.

अकरा वर्सं तिनं आशी काढली. शेवटी पाय सुजले. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, शुगर सापडायच्या आधीच लई वर्सं अंगात मुरली व्हती, किडन्या तवापासून झिजत आल्या. आता आठवड्यात दोनदा, मंगळवारी आन शुक्रवारी, मशीनवर रगत धुवावं लागंल. तेबी तिनं ऐकून घेतलं. मंग डॉक्टर खान्यावर आला.

"पालेभाजी, डाळी, जवस, ताक, टोमॅटो, सगळं कमी. त्यातला क्षार आता शरीराबाहेर पडत नाही. वाढला की हृदय एकदम थांबतं. भाजी खायचीच तर भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. पांढरा भात चालेल."

"भात?" लक्ष्मम्मा म्हनली. "सायेब, मला शुगर हाय."

तिला वाटलं, डॉक्टर चुकून दुसऱ्याच बाईचं सांगतोय.

घरी येऊन लई रडली. मशीनसाठी न्हाय, खान्यासाठी. "माझं सगळं खोटं ठरलं वं," म्हनत व्हती. म्या तिच्यावर वरडलो, "खोटं कसं? त्याच खान्यानं तुला अकरा वर्सं चालती-फिरती ठेवली!" वरडायचं नव्हतं. पन मला भ्या वाटलं की माझं तोंड सुटतं, जन्माची खोड हाय.

सून शिवकन्या बारावी शिकलेली. तिनं काय खायचं, किती खायचं, समदं एका कागदावर लिवून चुलीवरच्या भितीला चिटकवलं. वाटीनं मोजून वाढायची. आन मला एका बाजूला घेऊन म्हनली, "मामा, भाजीचं पानी तुमीच फेकायचं. आत्याच्या हातून व्हनार न्हाय."

खरं व्हतं ते. शेरडामागं हिंडलेली बाय, शिजवल्या भाजीचं पानी तिनं जन्मात फेकलं नव्हतं. म्या रोज पातेलं उचलायचो आन हिरवंगार पानी नालीत वतायचो. ती तोंड फिरवून म्हनायची, "वता, समदा जीव वता नालीत." तीन महिने रोज आसंच चाललं.

आन येळवस आली. मार्गशीर्षातली आवस. आमच्याकडं त्या दिशी गावात मानूस ऱ्हात न्हाय, समदे रानात. कडब्याची खोप, आत चुना लावलेलं पाच दगड, लक्ष्मीची पूजा, बाजरीचं उंडं, आंबील आन भज्जी. भज्जी म्हनजे तुरीचं, हरभऱ्याचं, वालाचं, वाटान्याचं हिरवं दानं, चाकवत, हरभऱ्याचा पाला, चिंच, बेसन, रानात हाय तेवढं समदं एका भांड्यात. लक्ष्मम्माच्या भज्जीसाठी लोक आपली खोप सोडून आमच्यात यायचे.

नेमका शुक्रवार व्हता. मशीनचा वार.

"शनवारी जाऊ," ती म्हनली. "लक्ष्मी बशीवल्याबिगर म्या कुठंबी जानार न्हाय." पोरगा सोमेश लई भांडला. "आप्पा, वार चुकवू नका!" म्या त्यालाच झापलं, "एक दिस रे! वर्साचा सन हाय." दवाखान्यात फोन केला. तिथली बाई म्हनली, बरं नाही हे, उद्या सकाळी लवकर आणा, आणि आज खाण्याला फार सांभाळा.

लक्ष्मम्मा कडब्याच्या पेंढीला टेकून बसली. तोंड सुजलेलं, पन हुकूम चालूच. शिवकन्यानं समद्यांची भज्जी केली. लक्ष्मम्मासाठी तिनं मोजून दिलेलं वाटीभर दानं आन पाला म्या येगळ्या पातेल्यात उकळला. पोरगा-सून आंबील शिंपडत रानाला येढा घालाया गेले. म्या फडक्यानं पातेलं उचललं.

"अवं, थांबा," ती म्हनली. "आज नगा वतू. येळवसंच्या दिशी रानातलं शिजीवलेलं, लक्ष्मीम्होरं फेकून देत्यात का कुठं?"

"लक्ष्मम्मा, डॉक्टरनं..."

"एकदा. पुढच्या येळवसंला म्या आसंल का न्हाय, कुनाला ठावं."

हात पोळत व्हता. आन खरं सांगतो, मलाबी ते पानी रानात फेकायला जिवावर आलं. सन म्हनून आलं, का तिच्या डोळ्याकडं बघून, देव जाने. म्या त्याच पान्यात बेसन कालवलं, चिंच घातली, वरनं करडीच्या तेलाची फोडनी दिली आन तिच्याम्होरं ठेवलं. तिनं वाटी चाटूनपुसून खाल्ली आन आनखी मागितली. म्या मोठ्या भांड्यातली दिली. वरनं अर्धा गिलास आंबील. "आज जेवल्यावानी वाटलं," म्हनली आन हासली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

शिवकन्या परत आली. "मामा, पानी फेकलं ना?"

"व्हय," म्या म्हनलो.

शनवारी सकाळी लक्ष्मम्माचं पाय उचलंनात. सोमेशनं टेम्पोत गादी टाकली. लोहारा मागं पडलं तवा ती म्हनली, "छातीत कसंतरी हुतंय," आन माझ्या मांडीवरचं तिचं डोकं जड झालं. दवाखान्यात पोचलो, पन उगं पोचायचं म्हनून.

डॉक्टरनं इचारलं, "काल काय खाल्लं होतं?"

शिवकन्या हात जोडून म्हनली, "पानी फेकलेलीच भाजी, सायेब. मामांनी सोता फेकलं." म्या तिथंच हुबा व्हतो.

सोमेश म्हनतो, वार चुकला म्हनून आई गेली. म्हनू दे, मला तोंडावर शिव्या दे म्हनतो त्याला, त्या म्या खातो. पन पोरीचं तसं न्हाय. वर्स होत आलं, तिनं भितीवरचा कागद काढला न्हाय. परवा येळवसंच्या सामानाची यादी करता करता त्याच्याम्होरं जाऊन हुबी ऱ्हायली. "मामा, माझंच माप चुकलं असंल का ओ? वाटी मोठी झाली असंल का?" म्हनली आन पदर तोंडाला लावला.

"तुझं काय चुकलं न्हाय, पोरी," म्या म्हनलो. त्याच्याम्होरचं सांगायला तोंड उघडलं, आन शेरडं सोडायला निघून गेलो.