डावीकडची गादी

दीनानाथांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हा एकट्याने राहणे हे अंगात सदरा चढवता येण्यावर अवलंबून असते, हे त्यांना प्रथमच कळले. इमारतींचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलेला हा माणूस बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत राहत होता. पत्नी दुर्गाबाई जाऊन दोन वर्षे झाली होती.

ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाडे-स्नायू हातांनी दाबून मोकळे करण्याचे उपचार करणाऱ्या अपेक्षाने खांद्याला हातही न लावता त्यांच्या बरगड्या आणि खुबा चाचपला.

"अहो डॉक्टर, दुखतंय वर. आपण तळमजल्यावर काय शोधताय?"

अपेक्षा हसली. तिने टेबलावरची एक प्रतिकृती त्यांच्या हाती दिली. काही काड्या होत्या, त्या एकमेकींना कुठेही टेकत नव्हत्या; ताणलेल्या रबरी दोऱ्यांनीच त्या तोलून धरल्या होत्या. एक दोरी ओढली की अख्खा आकार कलायचा. "याला टेन्सेग्रिटी म्हणतात, काका. हाडं म्हणजे या काड्या. स्नायू आणि त्यांच्यावरची आवरणं म्हणजे दोऱ्या. शरीर तंतोतंत असंच आहे, असं सगळे अभ्यासक मानत नाहीत. पण दुखणं एकीकडे आणि ताण दुसरीकडे, हे मला रोज दिसतं."

"आमच्या इमारतींत वजन निमूटपणे खाली जायचं."

"इमारती झोपत नाहीत, काका. तुम्ही कसे झोपता?"

"उताणा," दीनानाथ म्हणाले.

ते खोटे होते. पलंगावर दोन गाद्या होत्या. तेराव्यानंतर बहीण शकू म्हणाली होती, "वहिनीची गादी देऊन टाक रे, घरात ठेवू नये." पुढे तिने फोनवर विचारले, तेव्हा "दिली" असे सांगून ते मोकळे झाले. गादी जागेवरच होती. आपला हात झोपेत तिच्यावर पडू नये म्हणून ते पलंगाच्या उजव्या कडेला, त्याच कुशीवर, अंग आखडून झोपत.

तीन आठवडे उपचार झाले. खांदा दवाखान्यात सैल होई आणि सकाळी पुन्हा आवळलेला असे. "काका, कुठली तरी दोरी तुम्ही घरी जाऊन परत ओढताय," अपेक्षा म्हणाली. दीनानाथांनी नजर खिडकीकडे वळवली आणि गादीचे सगळे सांगून टाकले.

अपेक्षा म्हणाली, "देऊ नका गादी. तिच्यावर झोपा."

"ती तिची जागा आहे."

"हो. म्हणूनच सांगतेय."

त्या दुपारी जेवणानंतर दीनानाथ आधी पलंगाच्या मधोमध आडवे झाले. पण तिथे दोन गाद्यांमधली फट होती, ती पाठीला रुतली. मग ते डावीकडे सरकले. दुर्गाबाईंच्या गादीतला कापूस अजून फुगलेला होता. ते उताणे झाले. उजवा हात आपसूक पसरला आणि त्यांच्या स्वतःच्या गादीत पडलेल्या खळग्यात जाऊन स्थिरावला.

त्यांनी मान वळवून पाहिले. या बाजूने पाहताना पलंगावर नव्हते ते दीनानाथच.

खांदा दुखत नव्हता. दुखेल म्हणून त्यांनी बराच वेळ वाट पाहिली.