पाव्हण्याची सीट

मी मेहकर-अमरावती गाडीचा कंडक्टर. आमच्या गाडीला एक हवालदार नेहमी असतात. सोबत लाखेचं सील केलेला डबा, त्यात संशयास्पद मेलेल्या माणसाचा व्हिसेरा, विषाच्या तपासणीसाठी अमरावतीच्या लॅबला न्यायचा. त्या डब्याला ते पाव्हणा म्हणतात. चढले की पहिलं वाक्य ठरलेलं, "कंडक्टर सायब, पाव्हण्याले सावलीची सीट द्या."

उन्हानं लाख वितळून ठसा पुसला, की लॅबवाले डबा परत पाठवतात. म्हणून हवालदार स्वतः उन्हात बसतात आणि टोपीनं डब्याला वारा घालतात.

मी एकदा विचारलं, "पोलिसाची गाडी काऊन नाही देत तुम्हाले?"

"गाडी हाये, डिझेल नाही. लॅबमंदी मशीन हाये, चालवाले माणूस नाही," म्हणाले आणि खदखदून हसले.

डोणगावच्या स्टँडवर एका बाईची चहाची टपरी आहे. तिनं सासूला विष घातलं असा आळ आला, आणि वर्षभर तिच्या हातचा चहा कुणी घेतला नाही. तिच्या सासूचा डबा लॅबनं दोनदा परत केला होता.

गेल्या आठवड्यात डोणगावला गाडी थांबताच हवालदार काखेत नवा डबा घेऊन खाली उतरले, थेट टपरीवर गेले आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "रिपोर्ट आला, माय! इख निंघालंच नाही. पह्यला कप मले दे!"

बाई डोळे पुसत दूध ओतायला लागली. एकेक करत अख्खी गाडी खाली उतरली. ड्रायव्हरही.

आम्ही अमरावतीला उशिरा पोचलो. उशिराचं कारण म्हणून मी कागदावर लिहिलं, 'चहा.'