कावळे होते, तू नव्हतास

कावळा शिवला नाही.

आज नितीनचा दहावा. इथे चेन्नईत, तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावर ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही उभे होतो. मी, माझे दीर आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई.

ज्यांना अजून कळलं नाही त्यांच्यासाठी लिहिते. माझा नवरा गेला. इरुंगाट्टुकोट्टैला, कंपनीत, लंच ब्रेकमध्ये. हार्ट अटॅक.

नितीन देव मानत नव्हता. "माणूस पुरेसा आहे गं," म्हणायचा. मी रोज पूजा करणारी. लग्नापासून आमचा हा एकच वाद.

आणि तरी पेरुंगुडीच्या सिग्नलवरून माझ्या देवाला मोगरा तोच आणायचा.

"मानत नाहीस, मग आणतोस कशाला?"

"देव तुझा. पण तू माझी ना?"

आई आल्या की त्यांना मैलापूरच्या देवळात न्यायचा, आणि स्वतः बाहेर उन्हात त्यांच्या चपला सांभाळत उभा.

देहदान करा, हे त्याने सांगूनच ठेवलं होतं. केलं. पोटच्या पोराला अग्नी नाही, तरी आईंनी शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "दहावा मात्र माझ्यासाठी करा."

केला. गुरुजी तंजावरचे मराठी. पिंड मांडला, आम्ही मागे सरलो.

चेन्नईत कावळ्यांना काय तोटा! शेजारच्या मामी गच्चीवर रोज भात ठेवतात, तर पान टेकायच्या आत हजर असतात. आजही होते की. होड्यांवर ओळीने बसले होते.

एकही उतरला नाही.

दीर म्हणाले, "दादा, आईची काळजी करू नकोस."

नाही.

मी म्हटलं, "मी नोकरी सोडणार नाही. वेळेवर जेवेन."

नाही.

"कोंजम थांबू, अम्मा," गुरुजी हळूच म्हणाले. थोडं थांबू. थांबलो.

शेवटी आई हात जोडून ओरडल्या, "तुला हे नको होतं ना रे? परत नाही करणार. तेरावा नाही, वर्षश्राद्ध नाही. फक्त एकदा ये!"

नाही.

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. शास्त्रात सोय आहे म्हणाले.

आई वाळूत बसल्या. "तो कुठेच नाही गं. असता तर माझ्यासाठी आला असता."

नितीन, तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे. "अगं, मासळी खाऊन पोट भरलंय त्यांचं."

पण आईंचं खरं आहे. न पटणाऱ्या देवळाबाहेर तिच्यासाठी तासन्‌तास उभा राहणारा तू. कुठेही असतास तर आलाच असतास.

सुतकातही देवापुढे रोज दिवा लावत होते, आज लावला नाही. हातच उचलला गेला नाही. आणि तुझं तरी काय? माणूस पुरेसा म्हणायचास. माझा माणूसच गेला, आता मी काय करू ते सांग.

इतकी वर्षं वाद घातलास आणि दरवेळी हसत जिंकलास.

आज एकदा हरायचं होतंस रे.

आईसाठी तरी.

नमस्कार करते. तुला चालत नसला तरी.