बारा हजार किलोमीटर आणि डावा कान

निघायच्या दिवशी मी माझ्या धाकट्या भावाला मारलं. टोरांटोला कसा आलो हे मी अनेकांना सांगितलं, पण हे कधी सांगितलं नाही.

नागपुरात आमच्या हुडकेश्वरच्या घरासमोर टॅक्सी उभी होती. प्रमोद माझी बॅग डिकीत कोंबत होता. म्हणाला, "दादा, बाबाले काही झालं त तुले यायले किती येळ लागन?"

मी ऐटीत सांगितलं, बारा हजार किलोमीटर, मधला थांबा धरून पुरता एक दिवस.

"म्हणजे खांद्याले काही तू येत नाही," तो हसला.

माझा हात सुटला. पहिल्याच थपडेत तो डिकीच्या कडेवर आदळून खाली पडला, तरी मी त्याच्या डोक्यावर, कानावर मारत राहिलो. कानातून आलेलं रक्त त्याच्या कॉलरपर्यंत उतरलं. लहानपणी आम्हा दोघांना सायकलच्या ट्यूबने फोडून काढणारे बाबा दारात उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आता विमान चुकन. निघ."

मी निघालो. विमान उतरताना माझे कान ठणकले, तेव्हाही मला त्याचं ते हसणंच आठवून राग येत होता.

तुमच्यापैकी जे असेच निघाले, त्यांना पुढचं ठाऊक आहे. वेअरहाऊसची शिफ्ट, ड्राइव्हवेवरचा बर्फ, घराचं मॉर्गेज. रविवारी फोन केला की प्रमोद पुन्हा पुन्हा "आँ?" करायचा. मी अंतराला शिव्या घालायचो, मग त्याला. एवढ्या दुरून फोन करतो, नीट ऐकत काहून नाही, म्हणून ओरडायचो. तो फोन बाबांकडे द्यायचा.

बाबा गेल्याचं कळताच निघालो. मी दिल्लीत पुढच्या विमानाची वाट बघत होतो, तेव्हा नागपुरात तिरडी उचलली गेली. खांदा प्रमोदने दिला.

घरी त्याची बायको सुनीता हळूच म्हणाली, "भाऊजी, त्यायच्या उजव्या बाजूनं बोला. डावा कान गेला हाय. वर्कशॉपातल्या ग्राइंडरच्या आवाजानं."

मी प्रमोदकडे पाहिलं. तो चहाच्या कपात बघत होता. बायकोलाही त्याने माझं नाव सांगितलं नव्हतं.

टोरांटोत कुणी घर कुठे विचारलं की मी नागपूर सांगतो. पण डोळ्यांपुढे येते ती फाटकाबाहेरची तेवढी जागा, जिथे टॅक्सी उभी होती. संध्याकाळी प्रमोद तिथेच स्कूटर पुसत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, माझं चुकलं. तो पुसतच राहिला. मी डाव्या बाजूला उभा होतो. सवयीने की भीतीने, मला सांगता येणार नाही.

मी स्कूटरला वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेलो आणि दारातल्या सुनीताला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "प्रमोद, तुहा कान ग्राइंडरनं नाही गेला. मी फोडला. मले माफ कर गा."