बगळ्याच्या बिल्ल्याची सायकल

रविवारी सकाळी अप्पा सायकल उलटी करून ठेवायचे — सीट नि हँडल जमिनीला, चाकं आभाळाकडे — आणि मागचं चाक हाताने फिरवून त्याचा आवाज ऐकत बसायचे. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपुढच्या बोळात मग रॉकेलचा आणि मशीनच्या तेलाचा असा काही वास दाटायचा, की आईच्या फोडणीचंही त्यापुढे काही चालत नसे. हँडलखाली पितळी बिल्ला होता, त्यावर एका पायावर उभा असलेला बगळा. तो अप्पा स्वतः चिंचेने घासायचे. देवांची उपकरणी मात्र आईकडे.

ती सायकल करणाऱ्या विलायतेतल्या कंपनीचं नाव आता कुणालाच आठवणार नाही, म्हणून लिहीत नाही. अप्पांना तिचा इतिहास स्वतःच्या कुळापेक्षा अधिक पाठ होता. दोन भाऊ, आधी शिवणयंत्रांचे भाग घडवणारे, मग सायकलींकडे वळलेले, महायुद्धात तोफगोळे करणारे, आणि युद्ध संपताच पुन्हा सायकली... "साहेब गेला, तुम्ही त्याची गाडी कसली पुसताय!" असं शेजारी चिडवत. "साहेब वेगळा, कारागीर वेगळा," एवढंच अप्पा म्हणायचे.

मी आठवीत असताना मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलचे दात झिजले. पायडल मारलं की चेन सटकायची. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी देशी फ्रीव्हील काढून दाखवलं, पण अप्पांनी ते हातातही घेतलं नाही. "विलायती गाडीला विलायतीच भाग," म्हणाले, आणि सुवाच्य इंग्रजीत कंपनीला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, सोबत नवा कॅटलॉग — आपल्या सरकारचा आयात परवाना मिळताच भाग पाठवू. परवाना काही मिळेना. सायकल बोळात चादरीखाली उभी राहिली आणि अप्पा येरवड्याच्या कचेरीत पायी जाऊ लागले. संध्याकाळी पूल ओलांडून, धुळीने माखून यायचे ते उंबऱ्यावरच बसायचे. वहाणा काढायचंही त्राण उरलेलं नसायचं. गुडघे सुजले. त्या वर्षाचा वास विचाराल तर निलगिरीच्या तेलाचा... आणि घरभर पसरलेली एक दमणूक, जणू आम्ही सगळेच त्यांच्याबरोबर रोज चालत होतो.

शेवटी आई मला घेऊन मिस्त्रींकडे गेली.

"वहिनी, गाडी बाटेल ना!" ते म्हणाले.

"बाटू दे. माणूस उभा राहिला पाहिजे."

मिस्त्रींनी फ्रीव्हीलवरचं देशी नाव कानशीने घासून काढलं. आईने कॅटलॉगच्या पाकिटावरची तिकिटं भाताच्या वाफेवर सोडवली आणि खाकी कागदावर चिकटवली. संध्याकाळी म्हणाली, "अहो, तुमचं पार्सल आलंय. परवान्याची वाट न बघताच पाठवलं त्यांनी."

अप्पांनी तो भाग उजेडात धरला, अंगठ्याने दात चाचपले. "बघ सुमे, हात लावला की कळतं!" मी आईकडे बघितलं नाही.

सायकल चालू झाली, अप्पांच्या गुडघ्यांची सूज हळूहळू उतरली, आणि आम्ही सुटलो असं वाटलं. पण आभार मानल्याशिवाय राहतील ते अप्पा कसले! "त्यांनी एवढ्या लांबून भाग पाठवायचा आणि आपण दोन ओळी लिहू नयेत?" पत्र गेलं — गाडीचा क्रमांक, खरेदीचं साल, सगळ्या तपशिलासह.

उत्तर आलं तेव्हा घरात मी एकटीच होते. शाळेतल्या तुटपुंज्या इंग्रजीने अडखळत वाचलं. असा कोणताही भाग आम्ही पाठवलेला नाही. कारखाना दुसऱ्या कंपनीने घेतला असून या महिन्याअखेर बंद होत आहे. आणि त्या टंकलिखित मजकुराखाली कुणा म्हाताऱ्याने थरथरत्या अक्षरात, शाईने लिहिलं होतं — तुमची गाडी जोडली त्या शेडमध्ये मी होतो. ती अजून चालते हे वाचून फार बरं वाटलं.

पत्र द्यावं तर आईचं बिंग फुटणार, आणि अप्पा ते फ्रीव्हील काढून पुन्हा पायी जायला लागणार, याची मला खात्री होती. मी ते भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरात सरकवलं. त्यानंतर कितीतरी दिवस अप्पा आल्या आल्या विचारायचे, "टपाल?" "नाही, अप्पा." मग विचारणं थांबलं, आणि पुढे बिल्ला घासणंही.

वर्षं गेली. आई गेली, सायकल भंगारात गेली, अप्पा अंथरुणाला खिळले. एका दुपारी आपणच म्हणाले, "आपल्या आभाराच्या पत्राला उत्तर नाही आलं, सुमे... त्यांना तरी काय, अशा हजारो गाड्या जोडल्या असतील. आपली कुठे लक्षात राहायला?"

पत्र माझ्या कपाटात होतं, दहा पावलांवर. आता आईला कुणी बोल लावणार नव्हतं, अप्पांना कुठे चालत जायचं नव्हतं. पण इतकी वर्षं ते मी दाबून ठेवलं, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि म्हटलं, "हो, अप्पा."