कमरेचे घोडे

कृष्णनाथनं जन्मभर खाणीवरचा ट्रक हाकला, पण विचाराल तर छाती काढून सांगेल, आपण घोडेस्वार! होळीनंतर शिगम्यात घोडेमोडणी निघाली की कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन तो डिचोलीभर नाचायचा, आणि बाजूला कायम गोकुळदास. ढोल-ताशा वाजू लागला की दोघांना तहानभूक सुचत नसे. काय ते दिवस होते, बाबा!

आता कृष्णनाथचे गुडघे गेले. गोकुळदासची तर आठवणच गेली. पोटच्या लेकीला तो 'कोण गो तू?' विचारतो आणि कृष्णनाथ भेटायला गेला की तोंड फिरवतो. ते कृष्णनाथच्या जिवाला फार लागलं. म्हणून यंदा चवथीला गणपतीपुढे त्यानं देखावा मांडायचं ठरवलं: लढाई जिंकून शेतातून परतणारं जुनं घोडदळ. तो बघून तरी मित्र आपल्याला ओळखील, एवढीच त्याची आशा.

शेतातली चिकणमाती, माडाच्या हिरांचे भाले, काथ्याची आयाळ. पडवीत नुसता चिखल! सगळी फौज उभी राहिली तेव्हा सून गौरवी हसत सुटली. "बाबा, घोड्यांचे पाय खंय गेले?"

खरंच की! एकाही घोड्याला पाय नव्हता. घोडे स्वारांच्या कमरेला बांधलेले, आणि स्वार आपल्याच पायांवर उभे, घुंगरांसकट. बिचाऱ्यानं जन्मात दुसरा घोडा जवळून पाहिला होता कुठे!

चिडून त्यानं चार पायांचे नवे घोडे केले. ते बकऱ्यांसारखे दिसायला लागले. शेवटी "मरो ते" म्हणत त्यानं जुनीच फौज मांडली.

चवथीला लेक गोकुळदासला हाताला धरून घेऊन आली. तो देखाव्यापुढे बसला तो उठेचना. बराच वेळ बघून त्यानं पुढच्या स्वारावर बोट ठेवलं.

"ह्यो किस्ना."

कृष्णनाथला भरून आलं. गुडघ्यांची पर्वा न करता तो खाली वाकला. गोकुळदासनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं, परक्या पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीनं.

"माझो जोडीदार. तुमी वळखतात त्येका? तो भेटलो तर सांगा, मी कधीधरून वाट बघतंय."

"सांगतंय हां," कृष्णनाथ म्हणाला आणि त्याच्या शेजारी बसला.